बेडकाच्या वृक्कनलिकेतील अ‍ॅड्रेनर्जिक ग्राही: अखंड मूत्रपिंड की सुटी नलिका?

अ‍ॅड्रेनर्जिक ग्राही म्हणजे अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणारे पेशींवरील रेणू. बेडकाच्या वृक्कनलिकेत, म्हणजे मूत्रपिंडातील सूक्ष्म नळीत, ते तपासायचे तर अखंड मूत्रपिंड घ्यावे की सुटी नलिका? बेडकाच्या मूत्रपिंडाला रक्त दोन वाटांनी मिळते: धमनीतून रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छाला, वृक्क-द्वारशिरेतून (मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या शिरेतून) नलिकांना. म्हणून अखंड मूत्रपिंडात औषध द्वारशिरेतून सोडले, तर गाळण फारशी न बिघडता नलिकेचा प्रतिसाद दिसतो. सस्तन प्राण्यांत ही मोलाची सोय नाही! मात्र द्वारशिरेतला दाब धमनीपेक्षा कमीच ठेवावा. नाहीतर द्राव केशिकागुच्छापर्यंत शिरतो आणि निष्कर्ष चुकतो.

सुट्या नलिकेत ही शंका उरत नाही, शिवाय ग्राही कोणत्या खंडात आहे तेही कळते. पण तिला सूक्ष्म काचनळीवर बसवणे जिकिरीचे.

औषधे ग्राहीच्या प्रकारानुसार, आधी उत्तेजक मग रोधक: बीटासाठी आयसोप्रोटेरेनॉल व प्रोप्रानोलॉल, अल्फा-१ साठी फेनिलएफ्रिन व प्राझोसिन. रिंगर द्राव (ऊती जिवंत ठेवणारे क्षारांचे पाणी) बेडकाचाच हवा, सोडियम क्लोराइड लिटरमागे सुमारे ११० मिलिमोल. सस्तनांच्या द्रावात पेशी आक्रसतात. गुलाबी झालेले अ‍ॅड्रेनालिन टाकून द्यावे, त्याचे ऑक्सिडीकरण झालेले असते.