सर्व्हिसिंगनंतर पिवळा दिवा लागला? ब्लूटूथ स्कॅनर आणि सहा पिनांची लीड घ्यावी का

सर्व्हिसिंगला जाताना दुचाकी ठणठणीत होती आणि परत आली ती मीटरवर पिवळा दिवा घेऊन. पिकअप ठीक, आवाज ठीक, पण इंजिनाच्या चित्राचा दिवा काही विझत नाही. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी मिस्त्री कितीही हुशार असला तरी कंपनीचं स्कॅन टूल बहुतेक वेळा त्याच्याकडे नसतं, आणि शोरूम गाठायचं म्हणजे जिल्ह्याला एक चक्कर नि कामाचा एक दिवस. त्यामुळे ऑनलाइन मिळणारा ईएलएम३२७ जातीचा बिनकंपनीचा ब्लूटूथ स्कॅनर आणि सोबत दुचाकीची सहा पिनांची लीड (गाडीच्या सॉकेटला स्कॅनर जोडणारी वायर) असा जोड हल्ली बरेच जण मागवतात. दोन्ही मिळून हजार-बाराशेच्या घरात जातं. घेण्यासारखी वस्तू आहे. गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणं हा तिचा लहान उपयोग. पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटावर, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे बघण्यावर. मात्र आपली गाडी कोणती ते बघूनच मागवा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन बसलं. एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा, म्हणजे ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची पद्धत), लागू झाला. या दुसऱ्या टप्प्यातल्या गाड्यांशी हा स्कॅनर बऱ्यापैकी बोलतो. २०२० ते २०२३ मधल्या गाड्यांचा भरवसा नाही. सॉकेट तेच सहा पिनांचं असलं तरी आतली भाषा काही कंपन्यांनी स्वतःची ठेवली आहे. ॲपवर ‘ईसीयूशी (गाडीच्या इंजिन कॉम्प्युटरशी) कनेक्ट होत नाही’ असं आलं की लोक स्कॅनर खराब समजून परत पाठवतात, दोष मात्र त्याचा नसतो.

सॉकेट सीटखाली किंवा बॅटरीजवळच्या साइड पॅनलमागे असतं, वर रबरी टोपी. लीड आली की स्कॅनर लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा, कारण स्वस्त लीडमध्ये पिना उलटसुलट जोडलेल्या निघतात. स्कॅनर बसतो त्या सोळा पिनांच्या टोकाला १६ नंबरवर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थ (मायनस), आणि स्कॅनर-ईसीयूच्या बोलण्याच्या वायरी म्हणजे ६ वर कॅन-हाय, १४ वर कॅन-लो आणि ७ वर के-लाइन आली पाहिजे. लीड गाडीला लावून, स्कॅनर न लावता, १६ आणि ४ मध्ये बॅटरीएवढा व्होल्टेज दिसला तर पुढं जा. तिथं उणे चिन्ह आलं तर लीड परत करा. एवढी दोन मिनिटं घालवली नाहीत तर स्कॅनर धूर सोडतो, आणि नशीब खोटं असेल तर फ्यूजही जातो.

स्कॅनरवर ‘व्हर्जन १.५’ लिहिलेलं बघून कुणी खूश होतं, कुणी नाक मुरडतं. मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे बाजारातला सगळा माल नकलीच. त्यात बरा-वाईट एवढाच फरक. पीआयसी १८एफ२५के८० चिप असलेला बघून घ्या, तो जास्त कमांड समजतो. ‘२.१’ लिहिलेला अगदी छोटा, स्वस्त तुकडा घेऊ नका, कारण बऱ्याच वेळा के-लाइनवर तो मुकाच राहतो. फोनशी जोडताना पिन १२३४ किंवा ०००० असते. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वाय-फायवाला घ्यावा लागतो. ॲप म्हणून टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्ही चालतात. दुचाकीला कार स्कॅनरमध्ये प्रोटोकॉल (ईसीयूशी बोलायची भाषा) हाताने निवडायला सोपं पडतं.

आता मूळ प्रश्न, सर्व्हिसिंगनंतरच दिवा का लागतो? मिस्त्रीचा हात जिथं गेला तिथंच फॉल्ट शोधायचा, हे सगळ्यात आधी लक्षात ठेवा. कोड पार्टचं नाव सांगत नाही, कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे तेवढंच सांगतो. पी०११३ आला म्हणजे हवेच्या तापमानाचा सेन्सर गेला, असं समजून नवा सेन्सर मागवणारे खूप आहेत. पी०११३ चा अर्थ फक्त एवढाच की त्या सर्किटचा व्होल्टेज वर अडकलाय, आणि एअर फिल्टर बदलून झाल्यावर तो वर अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे कप्लर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) नीट न बसणं.

इथं लाइव्ह डेटा कामाला येतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि ॲपमध्ये इनटेक एअर टेम्परेचर बघा. मे महिन्यात परभणीत बाहेर ४२ अंश असताना स्क्रीनवर उणे ४० दिसलं की समजा, वायर तुटलेली किंवा कप्लर सुटलेलं आहे. उलट शंभराच्या वर अडकलेला आकडा वायर कुठंतरी अर्थ झाल्याचं सांगतो. काही ईसीयू फॉल्ट नोंदला की स्वतःहून एक ठरावीक तापमान धरतात. आकडा न हलणारा आणि हवामानाशी न जुळणारा असेल तर तोही संशयितच. कप्लर काढा, आतल्या पिना बघा. एखादी पिन मागं सरकलेली असते, बाहेरून कप्लर बसल्यासारखं दिसतं पण आत टेकत नाही. घट्ट दाबल्यावर ‘टिक’ आवाज आला पाहिजे. मग सेन्सरच्या दोन पिनांत रेझिस्टन्स मोजा: पंचवीस अंशाला साधारण दोन किलो-ओहमच्या आसपास, आणि हेअर ड्रायरने गरम केल्यावर तो खाली आला पाहिजे. उतरत असेल तर सेन्सर जिवंत आहे, पैसे वाचले.

फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (मुठीबरोबर हवा कमी-जास्त सोडणारा भाग) साफ करताना दुसरी जागा बिघडते ती मॅप सेन्सरची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची. ज्या गाड्यांत त्याला छोटी रबरी नळी आहे, तिथं ती नळी सुटते किंवा चिमटली जाते. तपासायला इंजिन बंद ठेवून मॅपचा आकडा बघा. तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा हवा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, तिथं ९४ ते ९५ किलोपास्कल दिसेल. नांदेड त्याहून खाली, ३६० मीटरच्या आसपास, तिथं ९७ च्या जवळ. कुणी १०१ च पाहिजे म्हणून अडून बसला तर त्याला मुंबईला पाठवा. इंजिन आयडलवर (मूठ न फिरवता संथ चालू) आणल्यावर हा आकडा चांगलाच खाली यायला हवा. इंजिन चालू असूनही ९४ च राहिला तर नळी सुटली आहे. सोबत काळा धूर, पेट्रोलचा वास आणि आयडल वरखाली ही लक्षणं असतात. गंमत म्हणजे अशा वेळी कोड येईलच असं नाही, कारण ९४ हा आकडा ईसीयूच्या दृष्टीने अशक्य नसतो.

थ्रॉटल पोझिशनचा व्होल्टेज बंद स्थितीत साधारण ०.५ ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या आसपास किंवा वर जातो. मूठ हळूहळू फिरवा, आकडा मधेच उडी मारायला नको. केबल जास्त ताणून बसवली असेल तर बंद मुठीतही व्होल्टेज वर राहतो आणि आयडल चढतं. मुठीला थोडा ढिलेपणा हवा, साधारण २ ते ६ मिलिमीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल.

एकाच वेळी तीन-चार कोड आले, उदाहरणार्थ पी०१०७, पी०११३, पी०१२२, तर तीन सेन्सर एका दिवसात मेले असं कधी होत नाही. लहान गाड्यांत मॅप, थ्रॉटल आणि तापमान हे तिन्ही एकाच तुकड्यात थ्रॉटल बॉडीवर बसवलेले असतात, एक कप्लर आणि पाच व्होल्टची एकच सामाईक वायर. कप्लर ओढून पाच व्होल्ट येतात का आणि अर्थची वायर लागते का, एवढंच आधी बघा.

बॅटरीकडे हात गेला असेल तर पी०५६२ (बॅटरीचा व्होल्टेज कमी) अपेक्षित धरा. टर्मिनलचा बोल्ट हाताने फिरत असेल तर तिथंच काम संपलं. बॅटरी विश्रांतीत १२.५ च्या आसपास, रेस केल्यावर १४ ते १४.५ व्होल्ट. पंधराच्या वर जाऊ लागला तर रेग्युलेटर बघा. प्लग बदलल्यावर अधूनमधून येणारे, दरवेळी वेगळे कोड बघितले की प्लगचा नंबर वाचा: एनजीके कंपनीच्या सीपीआर किंवा सीआर मालिकेत ‘आर’ म्हणजे रेझिस्टर. तो नसलेला स्वस्त प्लग बसवला असेल तर स्पार्कचा उपद्रव थेट सेन्सरच्या सिग्नलपर्यंत पोहोचतो. पी०३५१ आला म्हणून प्लगची कॅप बदलणारेही भेटतात, पण तो कोड कॉइलच्या प्रायमरी बाजूचा; कॅप दुसऱ्या बाजूला असते.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे वॉशिंग. बोअरचं खारं पाणी, वरून प्रेशरचा फवारा. सर्व्हिसिंगच्या दिवशी काही वाटत नाही, दोन-चार दिवसांनी कप्लरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि ऑक्सिजन सेन्सरचा किंवा त्याच्या हीटरचा कोड येतो. कप्लर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस कडेच्या रबरावर अगदी पातळ लावा. डब्ल्यूडी-४० सारखं तेल मारून सोडून देऊ नका, त्यावर कापसाच्या रानातली धूळ बसून चिखल होतो. इंजिन गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा हेलकावे खात असेल तर सेन्सर ठीक आहे. गोठ्याशेजारी गाडी लावत असाल तर सीटखाली उंदीर कुरतडून गेला नाही ना, तेही एकदा बघा. या दोषाला मिस्त्री जबाबदार नसतो, पण ओरडा त्यालाच खावा लागतो.

एबीएसचा (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकचा) दिवा वेगळा. चेन साफ करताना गाडी मेन स्टँडवर लावून गिअरमध्ये फिरवली, तर मागचं चाक फिरतं नि पुढचं थांबलेलं, ईसीयूला दोन चाकांचा वेग जुळत नाही आणि दिवा लागतो. इग्निशन बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडं अंतर चालवा, बहुतेक वेळा जातो. गेला नाही तर चाक काढून बसवताना सेन्सरची वायर ताणली गेली का, टोन रिंगवर (चाकावरच्या सेन्सरच्या दातेरी कडीवर) ग्रीस-माती बसली का, हे बघायचं. एबीएसचे कोड हा स्कॅनर सहसा वाचत नाही. ही त्याची मोठी उणीव. पाना-चिन्हाचा दिवा तर फॉल्टच नाही, किलोमीटर भरल्याची आठवण आहे. ती सर्व्हिस सेंटरने रीसेट करायची विसरलेली असते.

स्कॅनर बोललाच नाही तर गाडीचा दिवा बघा. होंडाच्या पीजीएम-एफआय (कंपनीची इंजेक्शन पद्धत) असलेल्या बऱ्याच गाड्यांत इग्निशन ऑन करून इंजिन न चालवता दिवा लुकलुकतो: १.३ सेकंदांची लांब लुकलुक म्हणजे दहा, ०.३ सेकंदांची छोटी म्हणजे एक. नऊ म्हणजे हवेचं तापमान, एक मॅप, आठ थ्रॉटल, एकवीस ऑक्सिजन सेन्सर, चोपन्न म्हणजे गाडी आडवी पडली का ते ओळखणारा सेन्सर. तो काढून उलटा बसवला तर गाडी चालूच होत नाही. यामाहाच्या आधीच्या इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्या मीटरवर दोन अंकी आकडा दाखवतात. २२ म्हणजे तिथंही हवेचं तापमान. यासाठी रुपयाही खर्च नाही.

कोड पुसण्याचं बटण सगळ्यात शेवटी. आधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. फ्रीझ फ्रेममध्ये फॉल्ट आला त्या क्षणीचा आरपीएम, तापमान, वेग नोंदलेला असतो, आणि क्लिअर केलं की तोही जातो. पेंडिंग कोडही (नोंद झाली, पण अजून दिवा न लावलेले) वाचा. दुरुस्ती बरोबर झाली असेल तर साधारणपणे सलग तीन फेऱ्यांत फॉल्ट न आल्यास दिवा आपोआप विझतो. कोणी मिस्त्रीने कारण न सांगता नुसता कोड पुसून ‘झालं’ म्हटलं तर पैसे देण्याआधी कोणता कोड होता ते विचारा.

आणखी एक तक्रार: स्कॅनर गाडीतच ठेवून देऊ नका. झोपेतही तो ४०-५० मिलिॲम्पिअर खातो. पाच ॲम्पिअर-अवरची बॅटरी चार-पाच दिवसांत बसते. काम झालं की काढा आणि सॉकेटची रबरी टोपी परत लावा, नाहीतर पुढच्या वॉशिंगला पाणी तिथंच शिरतं.

या जोडाला पाचपैकी साडेतीन गुण. गावात दहा-बारा इंजेक्शनच्या गाड्या बघणाऱ्या मिस्त्रीने नक्की घ्यावा, सोबत अडीचशे-तीनशेचा मल्टिमीटर असलाच पाहिजे. एकच गाडी असेल आणि ती २०२३ च्या आधीची असेल, तर मागवण्याआधी त्याच मॉडेलवर कुणाचा चालतोय का ते विचारून घ्या, आणि परत घेण्याची मुदत असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.