पोरक्या मुलांच्या ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्या: काही महिने सलग वाचल्यावर

गेले काही महिने मी जवळजवळ एकाच प्रकारच्या कादंबऱ्या वाचतेय. पोरकी मुलं, रेल्वेचा लांबचा प्रवास, अनोळखी गाव आणि शेवटी घर. इंग्रजीत या प्रकारची पुस्तकं रग्गड आहेत, त्यातली बरीचशी ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांची, आणि बहुतेक मालिकेतच येतात. एखादं पुस्तक वाचून डोळे पुसणं सोपं असतं. ओळीने वाचत गेलं की साचा दिसायला लागतो आणि साच्यातून निसटलेली पुस्तकंही दिसतात. हा अनुभव त्याबद्दलचा.

बहुतेक कथानकांच्या मागे अमेरिकेतल्या ‘ऑर्फन ट्रेन’ आहेत, म्हणजे शहरातल्या पोरक्या मुलांना दूरच्या गावांतल्या घरांत पोहोचवणाऱ्या रेल्वेगाड्या. चार्ल्स लोरिंग ब्रेस या धर्मशास्त्र शिकलेल्या तरुणाने १८५३ साली न्यूयॉर्कमध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी काढली. रस्त्यावर झोपणारी, वर्तमानपत्रं विकणारी, काड्यापेट्या विकणारी मुलं अनाथालयात कोंडण्यापेक्षा शेतकरी कुटुंबांत वाढावीत, ही त्यांची कल्पना. १८५४ मध्ये पहिली तुकडी मिशिगनमधल्या डोवाजियाक गावी पोहोचली. १९२९ पर्यंत हे चालू होतं आणि वेगवेगळ्या संस्थांनी मिळून दोन लाखांच्या वर मुलं अशी पाठवली असा अंदाज सांगितला जातो.

या कादंबऱ्यांमध्ये एक प्रसंग हमखास असतो. गावात आधीच पत्रकं लागलेली, चर्चमध्ये नाहीतर नाट्यगृहात गर्दी, स्टेजवर धुऊन-पुसून उभी केलेली मुलं. एक शेतकरी येतो, मुलाचा दंड दाबून बघतो, तोंड उघडायला लावतो. पहिल्यांदा वाचताना पोटात कालवतं. पुढे पुढे मी हे प्रकरण भरभर उलटायला लागले, कारण लेखकाचा कस तिथे लागतच नाही. तो लागतो त्याच्या आधी आणि त्याच्या बराच नंतर.

आधी म्हणजे आईवडिलांचं काय केलंय, तिथे. गाडीत बसलेल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघंही, हयात होते. बाप दारूत बुडालेला, आई आजारी, नाहीतर घरात खाणारी तोंडं जास्त आणि मिळकत शून्य. कमकुवत कादंबरी पहिल्याच प्रकरणात कॉलऱ्याने किंवा आगीने दोघांना संपवते आणि मोकळी होते. मग नवं घर मिळालं की कुणाचंच काही हिरावलं जात नाही, सगळं कसं देवाच्या योजनेप्रमाणे. ज्या पुस्तकांत न्यूयॉर्कला कुणीतरी मागे उरलेलं असतं, ती पुस्तकं आपोआप खोल होतात. मुलगी नव्या घरात पोटभर जेवते आणि त्या जेवणाचीच तिला लाज वाटते. असं एखादं पान मिळालं की पुढची दोनशे पानं मी माफ करते.

जॉन ब्रेडी यांचं खरं आयुष्य बघा. मारकुट्या, दारुड्या बापाच्या घरातून पळालेला हा मुलगा १८५९ मध्ये इंडियानात पोहोचला. तुकडीतलं सगळ्यात वाया गेलेलं दिसणारं पोर म्हणून न्यायाधीश जॉन ग्रीन यांनी त्याला उचललं, असं सांगतात. हाच मुलगा पुढे मिशनरी म्हणून अलास्काला गेला आणि तिथला गव्हर्नर झाला. त्याच गाडीतला अँड्र्यू बर्क नॉर्थ डकोटाचा गव्हर्नर झाला. एखाद्या कादंबरीत हे घातलं असतं तर मी नाक मुरडलं असतं, अति झालं म्हणून.

आता श्रद्धेबद्दल, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. प्रवचन झोडतात का? काही झोडतात. सुरुवातीला स्तोत्रसंहितेतलं ६८ वं स्तोत्र किंवा याकोबाच्या पत्रातलं अनाथ-विधवांचा समाचार घेण्याबद्दलचं वचन छापलेलं असतं, त्याला माझी हरकत नाही. खटकतं ते सोमवारी प्रार्थना आणि मंगळवारी उत्तर. मुलगा रुसलेला, बाई बायबल वाचते, मुलगा रडतो, गाय सापडते. प्रार्थना केल्यावरही काही होत नाही आणि तरी माणूस दुसऱ्या दिवशी उठून प्रार्थना करतो, असं दाखवणाऱ्या कादंबऱ्या थोड्या आहेत, पण आहेत. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही त्या परक्या वाटणार नाहीत.

याच बाबतीत या प्रकाराने स्वतःच्या इतिहासातला सगळ्यात कसदार भाग जवळजवळ सोडून दिलाय. ब्रेस यांची संस्था प्रॉटेस्टंट वळणाची, आणि गाडीत बसणारी बरीच मुलं आयरिश कॅथलिक. आपली मुलं धर्म बदलायलाच नेतात, हा कॅथलिकांचा आरोप होता. सिस्टर आयरीन या कॅथलिक ननने १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फाउंडलिंग हे टाकून दिलेल्या बाळांसाठीचं अनाथालय सुरू केलं आणि दाराशी पाळणा ठेवला. कुणीही बाळ ठेवून जावं, विचारपूस नाही. तिथली मुलं आधीच ठरवलेल्या कॅथलिक घरांत जात आणि ओळख पटावी म्हणून कपड्यांवर नंबर लावलेले असत. १९०४ मध्ये अशी चाळीस मुलं ॲरिझोनातल्या क्लिफ्टन आणि मोरेन्सी या खाणींच्या गावांत गेली. धर्मगुरूंनी निवडलेली घरं मेक्सिकन कॅथलिकांची होती. गोऱ्या मुलांना मेक्सिकन घरात ठेवतात म्हणून गावातले गोरे रात्री बंदुका घेऊन निघाले आणि मुलं ओढून नेली. कोर्टाने त्यांच्याच बाजूने निकाल दिला. १९०६ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही संस्थेच्या हाती काही लागलं नाही. दोन्हीकडे बायबल, दोन्हीकडे ‘मुलाचं भलं’. मी वाचलेल्यांपैकी एकाही कादंबरीने याला हात लावलेला नाही. त्याऐवजी देखणा पशुपालक आणि गावातली शिक्षिका यांचं प्रेम मात्र अर्धं पुस्तक खातं.

‘नंतर’ म्हणजे एजंटची, मुलं पोहोचवणाऱ्या सोसायटीच्या माणसाची, भेट. सोसायटीकडून मूल घेताना बांधून घेणारा करार नसायचा. जमलं नाही तर मूल परत देता यायचं किंवा दुसरीकडे हलवलं जायचं, आणि एजंटने अधूनमधून येऊन पाहायचं असायचं. एका पुस्तकात हा माणूस बैठकीच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून बसतो आणि मुलाला विचारतो, तू इथे सुखी आहेस ना? घरची बाई शेजारीच उभी आहे, कपात चहा ओततेय. मुलगा कपाकडे बघत ‘हो’ म्हणतो. एजंट वहीत लिहितो, घड्याळ बघतो, त्याला अजून चार घरं करायची आहेत. एवढ्या दीड पानात मला आख्खी व्यवस्था समजली. आता नवीन पुस्तक घेताना मी आधी बघते की एजंट एकदा तरी परत येतो का. तो स्टेशनवरच गायब झाला तर पुस्तक बहुधा गोग्गोड निघतं.

ब्रिटनवरच्या कादंबऱ्याही थोड्या वाचल्या. ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयांवरच्या गोष्टी लहानांसाठी बऱ्या आहेत, पण चमत्कारावर भिस्त जास्त. कॅनडाला पाठवलेल्या लाखभर ‘होम चिल्ड्रन’वरच्या मला जास्त आवडल्या, त्यात मूल म्हणजे राबायला आणलेला गडी, हे लपवलेलं नसतं.

पुस्तकाच्या शेवटी लेखकाचं टिपण असलं तर ते आधी वाचा. खरं काय, रचलेलं काय हे ज्याने सरळ सांगितलंय तो सहसा कथेतही फसवत नाही. मालिका असेल तर पहिले दोन भाग पुरतात; पुढे प्रत्येक भावंडाचं लग्न लावत बसतात. ऑडिओवर ऐकणार असाल तर नमुना ऐकून घ्या, लहान मुलांचे आवाज काढणारे निवेदक डोकं उठवतात. मुलांना द्यायची तर दहा-अकरा वर्षांच्या पुढे, आणि भावंडांची ताटातूट कुठल्या प्रकरणात आहे ते स्वतः आधी बघून.

एक पुस्तक मी अजून शोधतेय. १९०९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये भरलेल्या परिषदेने ठराव केला की निव्वळ गरिबीपायी मुलाचं घर मोडू नये. १९११ मध्ये इलिनॉयने मुलांच्या मातांना पैशाची मदत देणारा राज्यव्यापी कायदा केला, मग इतर राज्यं आली, आणि गाड्या ओसरत गेल्या. म्हणजे पुष्कळ मुलांना घर मिळालं ते स्वतःचंच. मूल गाडीत चढतच नाही आणि आई महिन्याचे पैसे घेऊन जिना चढते, अशी ख्रिस्ती कादंबरी कुणाच्या वाचनात आली असेल तर नाव कळवा, मी लगेच घेईन.