अप्रेंटिसशिपसह बीबीए लॉजिस्टिक्स : ठाण्यातील एका अभ्यासक्रमाविषयी पालकाचा अभिप्राय

ठाणे पश्चिमेतील एका महाविद्यालयात आमच्या मुलीने अप्रेंटिसशिपची, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवारीची, जोड असलेली बीबीए लॉजिस्टिक्स (मालाची साठवण व वाहतूक) ही पदवी यंदा पूर्ण केली. अशा पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये ती नव्याने मांडली. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे प्रत्यक्ष आस्थापनेत काढता येतात. या महाविद्यालयाने त्यासाठी तिसरे वर्ष संपूर्ण मोकळे ठेवले आहे आणि माझ्या मते हाच या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा गुण आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार साध्या पदवीलाही आता चार श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) ऑन जॉब ट्रेनिंग असते खरे, पण त्या १२० तासांत गोदामाची तोंडओळखही धड होत नाही, आणि ओळखीच्या कार्यालयातून प्रमाणपत्र आणून तो विषय संपवणारे विद्यार्थीही असतात.

वर्षभराच्या प्रशिक्षणाचा उपयोग मात्र कोणती कंपनी वाट्याला येते, यावर फार अवलंबून राहतो. मुलीला तुर्भे येथील एका मध्यम आकाराच्या कंपनीत जागा मिळाली. सुरुवातीला तिच्याकडे आवक मालाच्या नोंदी आणि ई-वे बिले (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणारी ऑनलाइन कागदपत्रे) होती. पुढे साठ्याची मोजणी, परत आलेल्या मालाचा हिशेब आणि शेवटी वाहतूकदारांच्या दरांची तुलना, असे काम टप्प्याटप्प्याने बदलत गेले, कारण तिथल्या व्यवस्थापकांनी ते तसे ठरवून घेतले होते. तिच्याच वर्गातील काही मुले भिवंडीच्या एका मोठ्या गोदामात गेली आणि वर्षभर खोक्यांवरचे बारकोड स्कॅन करत राहिली. तुर्भ्याला ठाण्याहून ट्रान्स हार्बरची थेट लोकल आहे, तर भिवंडीला जाणाऱ्यांना माजिवड्यापासूनच वाहतूक कोंडीला तोंड द्यावे लागे. पदवी दोघांची एकच, श्रेयांकही तितकेच.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. शेवटच्या वर्षाचे बहुतेक गुण ज्या कामावर दिले जातात, ते काम महाविद्यालय पाहतच नाही. समन्वयक प्राध्यापक सत्रातून एकदा कंपनीत येऊन गेले, तेही चहापुरते. बाकी सारी भिस्त लॉगबुकवर, ज्यात रोजचे काम दोन ओळींत लिहायचे आणि महिनाअखेरीस सुपरवायझरची सही घ्यायची. बारकोड स्कॅन करणाऱ्या मुलाचे लॉगबुक सुवाच्य असेल, तर त्यालाही उत्तम श्रेणी मिळते; त्यात त्या मुलाचा दोष नाही, परंतु साठा का तुंबला आणि गाडी उशिरा का सुटली, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. शनिवारी होणारे वर्ग याच प्रश्नांसाठी वापरता आले असते. तिथे मात्र जुन्या पुस्तकातील व्याख्याच उतरवून घेतल्या जात होत्या.

पैशांची बाजू समाधानकारक आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार पदवी गटातील शिकाऊ उमेदवाराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत नोंद असल्यास त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. आमच्याकडे रक्कम अधूनमधून उशिरा आली, पण बुडाली नाही. प्रवेशाच्या वेळी झालेल्या माहिती बैठकीत ‘नोकरीची हमी’ असे शब्द सर्रास वापरले गेले, ते मात्र चुकीचे होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. करारात तशी अट नसेल, तर प्रशिक्षण संपल्यावर त्याला कामावर घेण्याचे बंधन कंपनीवर नसते. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मात्र मालकावर आहे, आणि गोदामात फोर्कलिफ्टच्या आसपास वावरणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ठाऊक करून घ्यावे.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. शुल्क भरण्यापूर्वी मागच्या वर्षीच्या कंपन्यांची यादी आणि कराराचा नमुना मागून घ्यावा, आणि वर्षभरात किती विभागांत काम मिळणार, हे लेखी विचारावे. धाकट्या मुलाला आम्ही याच अभ्यासक्रमाला पाठवण्याच्या विचारात आहोत. कंपनीचे नाव प्रवेशाआधी सांगायला कार्यालय अजून तयार नाही, त्यामुळे अर्ज भरून ठेवला आहे, शुल्क भरलेले नाही.