अनरेडवर कॅश लावावी का नाही, अन् लावली तर कशी? आपल्याकडच्या लाईनीच्या हिशोबानं

माझा मावसभाऊ दर्यापूरकडे लग्नाचं शूटिंग करतो. त्याच्या स्टुडिओत एका जुन्या पीसीवर मी अनरेड (पीसीचा फाईल-सर्व्हर करणारी सिस्टीम) बसवून दिलंय, ८ टीबीच्या ३ हार्डडिस्क, त्यातली एक पॅरिटीची, म्हणजे बाकीच्यांपैकी एक गेली तर तिचा डेटा परत काढायला. तेव्हापासून कॅशबद्दल, म्हणजे आलेला माल आधी झेलायला हार्डडिस्कच्या पुढं लावायच्या एसएसडीबद्दल, त्याचा एकच प्रश्न, "दादा, एसएसडी एक घेऊ का दोन, का घेऊच नको?" फोनवर सांगून सांगून थकलो म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, तुमच्यातलं कोणी याच फेऱ्यात अडकलं असेल तं त्यालेही कामी येईल.

आधी डेटा किती येतो ते बघा, कारण लोक उलटं करतात, आधी एसएसडी घेतात अन् मग हिशोब लावत बसतात. ४के शूटिंग १०० एमबीपीएसवर (मेगाबिट, मेगाबाईट नाही) केलं तं तासाला ४५ जीबी होतं. हळद, लग्न, रिसेप्शन, दोन कॅमेरे, सगळं मिळून १२ तासाचं रेकॉर्डिंग धरा, झाले ५४० जीबी. म्हणजे ५०० जीबीची एसएसडी एकाच लग्नात फुल्ल, अन् सीझनमधे आठवड्याला तीन लग्नं असतात.

आता कॅश नसली तर काय होते? अनरेडमधे ॲरेवर (म्हणजे या हार्डडिस्कच्या गटावर) लिहिताना प्रत्येक ठिकाणी आधी जुना डेटा अन् जुनी पॅरिटी वाचायची, हिशोब करायचा, मग दोन्ही परत लिहायचं, तेवढ्यात डिस्कची चकती एक आख्खा फेरा फिरून यावी लागते, म्हणून स्पीड सेकंदाला ५०-६० एमबीवर लटकते. ५४० जीबीला तीन तास. हे बघूनच माणूस म्हणतो कॅश पाहिजेच. पण डिस्क सेटिंगमधे राईटची पद्धत बदलून 'रिकन्स्ट्रक्ट राईट' करता येते, लोक तिला टर्बो राईट म्हणतात. त्यात जुनं वाचायची भानगडच नाही, बाकीच्या डिस्क वाचून पॅरिटी नव्यानं काढतो अन् लिहून मोकळा होतो. त्यात स्पीड जवळपास नेटवर्कच्या गिगाबिट तारेच्या हद्दीला जाते, ११०च्या आसपास. तेच ५४० जीबी दीड तासाच्या आत.

अन् एसएसडी लावली तर? तरीही ११०च! कारण तार गिगाबिटची आहे, एसएसडी ५०० नं लिहित असली तरी तारेतून तेवढं येतच नाही. ही गोष्ट भावाच्या डोक्यात उतरायला मला दोन महिने लागले. २.५ गिगाबिटचं कार्ड दोन्हीकडं अन् मधे तसाच स्विच असंल तर गोष्ट वेगळी, तिथं एसएसडी खरंच दिसते. वायफायवरून कॉपी करणाऱ्यानं तं कॅशचा विचार स्पीडसाठी करूच नये, आधी तार ओढा.

टर्बोचा तोटा म्हणजे लिहिताना सगळ्या डिस्क फिरत राहतात. आठ डिस्क असतील तर लाईटबिल अन् गरमी दोन्ही वाढते, पण भावाकडं तीनच डिस्क, लिहिताना दोन तशाही फिरतातच, म्हणजे फक्त एक जास्त. त्याच्यासाठी टर्बो फुकटात पडल्यासारखं आहे.

मग कॅश कायले पाहिजे? डॉकरसाठी, म्हणजे सर्व्हरवर छोटे ॲप चालवायची जी सोय असते तिच्यासाठी, त्या ॲपले कंटेनर म्हणतात. गाणी-फोटो दाखवणारे कंटेनर, त्यांचे डेटाबेस, ॲपडेटा (त्यांच्या सेटिंगच्या फायली), हे सगळं ॲरेवर ठेवलं तर डिस्क दिवसभर कुरकुर करत राहतात, कधी झोपतच नाहीत. आणि दुसरं कारण आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात खोलीच ४२-४३ला असते, अनरेड डिस्क ४५ डिग्रीला गेली की चेतावणी पाठवते, भावाचा मोबाईल दिवसभर टुंग टुंग. एसएसडी दिवसाचं काम झेलते, डिस्क झोपलेल्या राहतात अन् मूव्हर (कॅश आणि ॲरेमधे माल इकडचा तिकडं करणारा प्रोग्राम) पहाटे माल हलवतो. मूव्हरची ठरलेली वेळ रोज पहाटे ३:४० असते, नेमकी दिवसातली थंड वेळ, म्हणून ती बदलायच्या भानगडीत पडू नका. (सर्व्हर कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका बावा, त्या ओल्या हवेत धूळ चिकटून पंख्यावर चिखलाचा लेप बसतो, स्वतःच्या हातानं खरवडलाय.)

आता सेटिंग. जुन्या व्हर्जनमधे प्रत्येक शेअरला (नेटवर्कवर दिसणाऱ्या फोल्डरला) 'यूज कॅश' मधे यस, नो, प्रेफर, ओन्ली असे चार पर्याय होते, अन् यस आणि प्रेफरमधे निम्मी दुनिया गोंधळायची. २०२३ मधे ६.१२ आलं तेव्हापासून प्रायमरी स्टोरेज, सेकंडरी स्टोरेज आणि मूव्हर कुठून कुठं नेणार असं स्वच्छ लिहिलेलं असतं. जुनं यस म्हणजे प्रायमरी कॅश, सेकंडरी ॲरे, माल कॅशवरून ॲरेकडं. जुनं प्रेफर म्हणजे तेच, फक्त माल उलटा, ॲरेवरून कॅशकडं. ओन्ली म्हणजे कॅश आणि सेकंडरी काहीच नाही, नो म्हणजे सरळ ॲरे. ॲपडेटाला प्रेफरवाली पद्धत, लग्नाच्या फुटेजला एक तर यसवाली नाही तर नोवाली. सगळा वाद या शेवटच्या दोघांतलाच आहे.

यात मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून जरा खोलात सांगतो. पहिल्या सीझनला मी एकच एसएसडी लावली, सगळे शेअर यसवर टाकले अन् शहाणपणा म्हणून मूव्हर आठवड्यातून एकदा केला, म्हटलं डिस्क झोपू द्या. एका संध्याकाळी लाईन चार-पाच वेळा आली-गेली, आपल्याकडं मोटारी सुरू व्हायच्या वेळेला होतंच तसं, आणि सर्व्हर उठला तो एसएसडी न दिसताच. पुन्हा दिसलीच नाही. तिच्यावर चार दिवसाचा माल होता. पॅरिटी कॅशला सांभाळत नाही, ती फक्त ॲरेची असते, हे मला माहीत होतं पण तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. बरीचशी कार्डं फॉरमॅट व्हायची होती म्हणून लग्न वाचलं, एका घरची हळद मात्र गेली ती गेलीच, भावाला पैसे परत द्यावे लागले अन् वरून पोरीच्या मामाचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.

तेव्हापासून मी कॅशकडं स्पीडच्या नजरेनं बघणंच सोडलं. फुटेज किती तास एकाच एसएसडीच्या भरवशावर पडून राहते, एवढंच बघतो.

एक एसएसडी असेल तर ती एक्सएफएस या फाईलसिस्टीममधे फॉरमॅट करा, साधी आहे, लाईन गेल्यावर बहुतेक वेळा गुमान उठते. पण एक्सएफएसच्या पूलमधे (कॅशच्या एसएसडीच्या गटात) नंतर दुसरी एसएसडी जोडता येत नाही. पुढं दोन करायचा विचार असेल तर सुरुवातीलाच बीटीआरएफएस ही दुसरी फाईलसिस्टीम घ्या, दुसरी एसएसडी आली की जोडली अन् मिरर झाला, म्हणजे दोन्हीवर तीच कॉपी. एक्सएफएसवरून नंतर जायचं म्हटलं तर डॉकर सेटिंगमधूनच बंद करा (उघडी फाईल मूव्हर हलवत नाही, नुसते कंटेनर थांबवून भागत नाही), ॲपडेटा ॲरेवर न्या, फॉरमॅट मारा, परत आणा. एक रविवार जातो. मिररमधे ५०० आणि १००० जीबीच्या जोडल्या तर वापरायला ५००च मिळते, तेव्हा जोडी सारखीच घ्या. बीटीआरएफएस चेकसम ठेवतो, सडलेला डेटा ओळखतो अन् मिरर असेल तर चांगल्या कॉपीवरून दुरुस्तही करतो, पण वारंवार झटका बसणाऱ्या लाईनीवर यूपीएसशिवाय माझा त्याच्यावर जीव बसत नाही. झेडएफएस ही तिसरी फाईलसिस्टीमही ६.१२ पासून मिळते, पण ८ जीबी रॅमच्या जुन्या डब्यावर मी त्या नादी लागलो नाही.

स्वस्तातली क्यूएलसी एसएसडी (एका सेलमधे चार बिट कोंबणारी) घेत असाल तर थोडं थांबा, सुरुवातीला पळते अन् आतली वेगवान जागा भरली की हार्डडिस्कपेक्षाही हळू होऊ शकते. लग्नाच्या डेटाला नेमकं तेच होते.

आणि 'मिनिमम फ्री स्पेस' शून्यावर सोडू नका! तुमची सगळ्यात मोठी फाईल जेवढी, त्याच्यापेक्षा जास्त आकडा टाका. शून्य असेल तर कॅश गच्च भरते, कॉपी मधेच "जागा नाही" म्हणते अन् त्याच एसएसडीवर बसलेले डॉकरही आडवे होतात. आकडा टाकला की तेवढी जागा उरल्यावर पुढच्या फायली आपोआप ॲरेवर जातात, अर्थात सेकंडरीत ॲरे दिलेला असेल तर.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस काहून घ्यायचा, हा भावाचा पुढचा प्रश्न. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, पीसी बंद न पडता निभावतो बहुतेक. पण बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही, यूएसबी वायरवाला यूपीएस सांगतो, आणि अनरेडमधे त्याची सोय आतच आहे, बॅटरी ठराविक टक्क्यावर आली की सर्व्हर शिस्तीत बंद होतो. नाहीतर प्रत्येक झटक्यानंतर पॅरिटी चेक सुरू, ८ टीबीला १४-१५ तास सहज, आणि मे महिन्यात १५ तास सगळ्या डिस्क फिरताना त्या खोलीत बसून बघा.

सिनॉलॉजीवाल्यांचं (तयार स्टोरेज-सर्व्हर विकणारी कंपनी) वेगळं आहे, तिथं वाचायची कॅश एका एसएसडीवर चालते, लिहायची हवी असेल तर दोन लागतातच, म्हणजे जी अक्कल मला हळद घालवून आली ती त्यांनी सेटिंगमधेच घातलीय. ट्रूनॅसमधे (अनरेडसारखीच दुसरी सिस्टीम) असली कॅशच नसते, तिथल्या एसएसडीच्या दोन सोयींपैकी एल२आर्क फक्त वाचायला अन् स्लॉग फक्त सिंक राईटला (लिहून झाल्याची पक्की पावती मागणाऱ्या लिखाणाला), विंडोजवरून फुटेज टाकताना दोन्हीचा फायदा जवळपास दिसत नाही.

तर भावाला सांगितलं, एकच एसएसडी ठेव ॲपडेटापुरती, फुटेजचा शेअर सरळ ॲरेवर, टर्बो चालू, आणि कॉपी झालेली फाईल सर्व्हरवरून उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. दुसऱ्या एसएसडीचे पैसे यूपीएसला. त्यानं यूपीएस आणला, चार दिवसांनी फोन केला तर म्हणे, "दादा, त्याच्यावर टीव्ही बी लावला तं चालते का?"