डब्ल्यूडब्ल्यूजेडी ब्रेसलेट, बाराचं पाकीट: ३ स्टार (आधी १ दिला होता)

आमच्या संडेस्कूलच्या मोठ्या वर्गासाठी मागवली होती. विणलेल्या नायलॉनच्या पट्ट्या, प्लास्टिकचं बकल आणि वर चार इंग्रजी अक्षरं, डब्ल्यू डब्ल्यू जे डी, म्हणजे ‘व्हॉट वुड जीझस डू’, येशूने काय केलं असतं. पाकीट फोडल्या फोडल्या एक पोरगा म्हणाला, टीचर हे डब्ल्यूडब्ल्यूईचं आहे का, कुस्तीवालं? तर आमची सुरुवात इथून.

आधी वस्तूबद्दल. नायलॉन जाड आहे, अक्षरं छापलेली नसून विणलेली आहेत त्यामुळे खरवडून जात नाहीत, हा मोठा प्लस. काळी आणि निळी मस्त. लालचा मात्र रंग जातो, पहिल्याच रविवारी पोरं फुटबॉल खेळून घामाघूम झाली आणि दोघांच्या मनगटावर लालभडक वळ, एकीच्या आईचा मला फोन की हिला कशाची तरी ॲलर्जी आलीय. एक पट्टी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून बघितली, सकाळी पाणी गुलाबी आणि पट्टी तेवढीच लाल, म्हणजे अजून बराच रंग जायचा बाकी आहे. बारीक मनगटाला सैल होतात, जास्तीचं टोक कापलं की धागे सुटतात, मग मेणबत्तीवर टोक जरासं वितळवून घ्यायचं (हे मोठ्या माणसाने करा). बकल ठीक आहे, बारातलं एकच तुटलं, ते पण उपासनेत सारखं टकटक उघडबंद करून, पाळकसाहेबांनी प्रवचन थांबवून दोनदा त्या बाकाकडे बघितलं.

ही पट्टी आली कुठून ते पोरांना सांगायला मी वाचून गेले होते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात टोपिका शहर आहे, तिथले पाळक चार्ल्स शेल्डन १८९६ मध्ये रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये एक गोष्ट हप्त्याहप्त्याने वाचून दाखवायचे, सिरियलच म्हणा ना. गोष्टीत एक बेकार माणूस भर चर्चमध्ये उभा राहून विचारतो की तुम्ही येशूच्या मागे चालतो म्हणता म्हणजे नक्की करता काय, आणि तिथेच कोसळतो, पुढे काही दिवसांत मरतो. मग तिथला पाळक मंडळीला म्हणतो, वर्षभर काहीही करायच्या आधी ‘येशूने काय केलं असतं’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा, कोण तयार आहे? त्याचं पुस्तक झालं ते तुफान खपलं, पण कॉपीराइटची भानगड झाली आणि भरपूर प्रकाशकांनी ते फुकटात छापलं. येशूने काय केलं असतं या पुस्तकावर रॉयल्टी बुडवायची म्हणजे कमाल आहे. मग १९८९ ला मिशिगनमधल्या हॉलंड गावात एका चर्चच्या युथ लीडर बाईंनी आपल्या ग्रुपसाठी या पट्ट्या करून घेतल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत जो तो बनवायला लागला.

खरी तक्रार माझी त्या प्रश्नाबद्दल आहे, त्यात सेलरचा काही दोष नाही. मी वर्गात विचारलं, परीक्षेत शेजारचा म्हणाला, तुझा पेपर दाखव, तर येशूने काय केलं असतं? एक म्हणाली दाखवला असता, तो प्रेमळ आहे. दुसरा म्हणाला बेंच उलथा केला असता, बायबलात त्याने मंदिरातल्या व्यापाऱ्यांची टेबलं उलथली तशी. तिसऱ्याचं म्हणणं येशूला परीक्षाच द्यायला लागली नसती. ज्याला जो येशू सोयीचा तो त्याने उचलला, आणि मोठी माणसंपण हेच करतात, फक्त भाषा भारी असते.

म्हणून मी पहिलं पेत्र काढलं, म्हणजे बायबलातलं येशूचा शिष्य पेत्र याचं पहिलं पत्र, अध्याय २, ओवी २१. तिथे आपल्या मराठी बायबलात शब्द आहे कित्ता. ख्रिस्ताने कित्ता घालून दिलाय, त्याच्या पावलांवर पाऊल ठेवा. मूळ ग्रीक शब्दपण अगदी तोच, पोरांना गिरवायला मास्तर अक्षरं लिहून देतात ती. बाई वहीत वरची ओळ काढून द्यायच्या आणि खाली आपण गिरवत बसायचो ना, तेच. तिथे बाईंनी काय लिहिलं असतं असा अंदाज बांधायला लागत नाही, अक्षर वर दिसतंय. पेत्रही पुढच्या दोन ओव्यांत ती अक्षरंच देतो: पाप केलं नाही, तोंडात कपट नव्हतं, लोक निंदा करत होते तेव्हा उलट निंदा केली नाही, सोसताना धमकी दिली नाही. माझा ळ दहावीपर्यंत बाईंसारखा आला नाही हो, पण ळ आहे एवढं कळायचं.

आणि त्याच आठवड्यात मी इथे १ स्टार ठोकून ‘चोर लोक आहेत, घेऊ नका’ असं लिहून ठेवलं होतं. ते काढलं. पण तक्रार ठेवलीय, कारण पत्रातला तो भाग मुळात मालकाचा जाच सोसणाऱ्या चाकरांना लिहिलाय आणि त्यातून मुकाट मार खा असा अर्थ काढणारे आहेत, मला तो अजिबात पटत नाही. बायबलातच योहानाच्या पुस्तकात १८:२३ बघा, शिपायाने थोबाडीत मारली तर येशू सरळ विचारतो की माझं बोलणं वाईट असेल तर दाखव, बरोबर असेल तर मारतोस का? तेव्हा विचारते: लाल रंग जातो, का?

आता शेवटचं. मी बारा मागवले होते, आले चोवीस, सीलबंद दोन पाकिटं. मी म्हटलं चला, प्रभूने पुढच्या वर्षीची सोय केली. तर आमची तेरा वर्षांची लेक काही न बोलता मनगट वर करून पट्टी दाखवते. ॲपवर परत करायला गेले तर कारणं काय, वस्तू खराब आहे, चुकीची आहे, आलीच नाही. जास्त आली असा ऑप्शनच नाही. चॅटवर तीन दिवस घातले, तिकडून रोज नवीन माणूस, रोज तेच, मॅडम आपली तक्रार काय आहे?

सेलर हे वाचत असतील तर, दुसरं पाकीट न फोडता कपाटात ठेवलंय. पिकअपला माणूस पाठवा, मी सातनंतर घरी असते.