धुराड्याची निर्धूर चूल : दोन ऋतूंच्या वापरानंतर

आमच्याकडे गॅसचे कनेक्शन आहे, तरी सिलिंडर पुरवून वापरावा लागत असल्याने ज्वारीच्या भाकरी आणि आंघोळीचे पाणी अजूनही चुलीवरच होते. आईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण फुंकून केलेल्या तपासणीत तिला सीओपीडी, म्हणजे धुरानेही होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, निघाल्यावर, मागच्या हिवाळ्यात आम्ही जुनी चूल मोडून तिथे एका वैलाची (बाजूला दुसरे भांडे ठेवायच्या जोडचुलीची), धुराड्याची निर्धूर चूल बसवून घेतली.

फरक निश्चित पडला. डोळ्यांची चुरचुर थांबली, फुंकणी क्वचितच हातात घ्यावी लागते, सरपणही कमी लागते आणि आईचा सकाळचा खोकला बराच उतरला आहे. मात्र फुप्फुसांची गेलेली क्षमता परत येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते.

खरी अडचण भाकरीपाशी येते. तव्यावरची भाकरी फुगवण्यासाठी आर (निखारे) चुलीच्या तोंडाशी ओढावा लागतो आणि तो तिथे आला की धुराड्याची ओढ त्याला पुरत नाही, त्यामुळे नेमका भाकरी करणारीच्या नाकासमोर धूर येतो. आर धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडत राहतो, म्हणून थंडीत दार लावून चुलीपाशी शेकत बसणे आम्ही बंद केले. ‘निर्धूर’ हे नाव विक्रेत्याच्या सोयीचे आहे, असे माझे मत झाले आहे. ग्वाटेमालात 2002 ते 2004 या काळात धुराड्याच्या चुलींची पद्धतशीर चाचणी झाली, तेव्हा लहान मुलांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड सुमारे निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया घटला, पण एकूण न्यूमोनियातील घट ठामपणे सिद्ध होण्याइतकी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या अशा प्रदूषणाने जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. ते पाहता निम्मा धूर म्हणजे सुटका नव्हे, आणि घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर मी आधी गॅसचाच खर्च करीन.

पावसाळ्यात ओल्या तुराट्यांनी धुराडे काजळीने इतके चोंदले की धूर पुन्हा घरभर झाला. घेताना धुराड्याच्या तळाशी साफसफाईची झडप आहे का आणि नळी वळचणीच्या बरीच वर जाते का, हे जरूर पाहावे. आमच्या चुलीला झडप नसल्याने दर वेळी पत्र्यावर चढून नळी सोडवावी लागते.