फायबर जोडणी निवडताना: काच नेमकी कुठे संपते?

‘फायबर’ या एकाच नावाखाली घरापर्यंत तीन निरनिराळ्या जोडण्या येतात. पहिलीत काचेचा तंतू थेट घरातल्या ओएनटीपर्यंत, म्हणजे प्रकाशातून इंटरनेट काढून देणाऱ्या छोट्या पेटीपर्यंत पोचतो. दुसरीत तो इमारतीतल्या पेटीत थांबतो आणि तिथून वर इथरनेटची तार येते. तिसरीत तो रस्त्यावरच्या कॅबिनेटमध्येच संपतो आणि उरलेलं अंतर टेलिफोनची जुनी जोडतार किंवा टीव्हीची कोॲक्सियल केबल पार करते. तिन्ही प्लॅनवर सारखाच वेग छापलेला असू शकतो, पण रोजचा अनुभव शेवटच्या तुकड्यावर ठरतो.

थेट घरापर्यंत काच

तंतूचा गाभा फक्त ९ मायक्रॉन जाड असतो आणि त्याभोवती १२५ मायक्रॉनचं काचेचं आवरण असतं. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित जास्त असल्याने प्रकाश आतच राहतो. दर किलोमीटरला घट होते ०.२ ते ०.३५ डेसिबल (घट मोजण्याचं एकक), म्हणजे अंतराचा त्रास जवळजवळ नाही. खरी घट स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागात होते. एक तंतू ३२ घरांत वाटायचा तर प्रकाश पाच वेळा निम्मा होतो, आणि प्रत्यक्षात तिथेच सुमारे १७ डेसिबल जातात. त्यामुळे ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची पातळी उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याचं एकक) दरम्यान दिसली तर तब्येत ठीक समजावी. उणे २७च्या खाली गेली की जोडणी मधूनमधून तुटू लागते.

हा तंतू शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला असतो, हेही लक्षात घ्या. जीपॉन या तंतू वाटून देण्याच्या पद्धतीत एका तंतूवर येताना सुमारे २.५ जीबीपीएस आणि जाताना १.२५ जीबीपीएस मिळतात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकद लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएस. सगळे एकदम तसं करत नाहीत, म्हणून हे गणित चालतं. एक्सजीएस-पॉन या त्यापुढच्या पद्धतीत दोन्ही दिशांना १० जीबीपीएस असतात, तेव्हा दोन्ही उपलब्ध असतील तर नवं घ्यावं.

इमारतीपर्यंत काच, पुढे इथरनेट

हा पर्याय उगाच बदनाम आहे. पेटीपासून घरापर्यंतची तार १०० मीटरच्या आत आणि कॅट ५ई (इथरनेट तारेचा दर्जा) किंवा त्यावरची असेल, तर १ जीबीपीएस व्यवस्थित मिळतो. घोळ बहुतेक वेळा प्लगमध्ये असतो. गिगाबिटसाठी तारेच्या चारही जोड्या लागतात. एक तार जरी नीट दाबली गेली नसेल, तर यंत्रं आपसूक १०० एमबीपीएसवर उतरतात आणि दोष प्लॅनला दिला जातो. वेगचाचणी वारंवार ९५ एमबीपीएसच्या आसपास अडकत असेल, तर आधी प्लग तपासा. दुसरी गोष्ट वीज. जिन्याखालच्या पेटीतल्या नेटवर्क स्विचला (इथरनेटच्या तारा जिथून घरोघरी जातात ते यंत्र) बॅकअप नसेल, तर घरात यूपीएस असूनही इंटरनेट जातं.

कॅबिनेटपर्यंत काच, पुढे जुनी केबल

टेलिफोनच्या जोडतारेवर व्हीडीएसएल (फोनच्या तारेतून इंटरनेट नेण्याचं तंत्र) असेल, तर सगळा प्रश्न अंतराचा. जास्त वेगासाठी उंच फ्रिक्वेन्सी लागतात आणि तांब्यात त्याच सर्वात लवकर मरतात. कॅबिनेट ३०० मीटरवर असेल तर १०० एमबीपीएसच्या आसपास मिळू शकतात. किलोमीटरभर लांब असेल तर वेग बराच घसरतो. सांध्यात पाणी शिरलं की तोही टिकत नाही. कोॲक्सियल केबल येताना दमदार असते, पण अपलोडला बहुधा कमी जागा मिळते. व्हिडिओ कॉल, फाइल पाठवणं आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग रोजचं असेल, तर प्लॅनमधला अपलोडचा आकडा आधी वाचा.

टेलिफोन आणि वीज

जुन्या तांब्याच्या फोनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट मिळत, म्हणून घरची वीज गेली तरी तो चालायचा. काचेतून वीज येत नाही. फोन ओएनटीला जोडला असेल, तर ओएनटी आणि राउटर दोघांनाही बॅकअप हवा. छोटा यूपीएस घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा. ॲम्पिअर मात्र छापलेल्यापेक्षा कमी चालणार नाहीत. वृद्ध किंवा आजारी माणूस घरी असेल, तर हा खर्च टाळू नये असं आम्ही ठामपणे सांगू.

काच बिघडते कशी

ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागला, म्हणजे प्रकाश पोचत नाही. मग राउटर पुन्हापुन्हा बंद-चालू करून काही साधत नाही. कारण बहुधा कपाटामागे दुमडलेली पॅच कॉर्ड (ओएनटीला जोडणारी काचेची छोटी केबल), उंदराने कुरतडलेली केबल किंवा बाहेरचा निखळलेला जोड. साध्या तंतूला ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नये, घरासाठीचा वाकवता येणारा तंतू ७.५ ते १० मिलिमीटरपर्यंत सोसतो. हिरवा कनेक्टर ८ अंश तिरका घासलेला असतो आणि निळा सरळ. दोन्ही एकमेकांत बसवले की प्रकाश वाया जातो आणि टोकंही खराब होऊ शकतात. उघड्या टोकाकडे डोळा लावून कधीही पाहू नका, तिथला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही.

जोडणी बसवायला माणूस येईल तेव्हा केबल वितळवून जोडायला सांगा. असा जोड ०.१ डेसिबलच्या आत घट देतो, नुसता दाबून बसवलेला त्याहून जास्त आणि काळानुसार सैल पडण्याचा धोका वेगळा. ओएनटीजवळ मीटरभर जादा केबल मोठ्या वेटोळ्यात ठेवून घ्या. टोक तुटलं तर नवीन केबल न ओढता पुन्हा जोडता येतं. आणि त्या दिवशीची प्रकाशपातळी लिहून ठेवा. पुढे तक्रार करताना ती २–३ डेसिबलने घसरलेली दाखवता आली, तर तपासाला थेट केबलपासून सुरुवात होते.